वजनवाली

तांकयिरीत मला कुणी नर्स म्हणत नाही. तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की वजनवाली. "वजनवाली आली का गं?" "वजनवालीला सांग, धाकटी आत्ताच झोपलीय, उठली की आणते." पहिले काही महिने मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एक दिवस गावप्रमुखाची थोरली बायको पोट धरून आमच्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसली. मी लगबगीनं रक्तदाबाचं यंत्र काढलं, तर बाई मला म्हणते, "राहू दे गं, तू कशाला त्रास घेतेस? खरी नर्स कधी येणार आहे?"

खरी नर्स! मी काय मातीची होते?

दोन वर्षं नर्सिंगच्या शाळेत शिकले, परीक्षा पास झाले, सरकारचं नेमणुकीचं पत्र घेऊन इथे आले. तांकयिरी आणि पलीकडच्या तीन वस्त्या मिळून बावीसशे माणसं माझ्या एकटीच्या अंगावर आहेत. लसी मी टोचते, गरोदर बायका मी तपासते, हिवतापाची चाचणी मी करते, नवऱ्याला कळू न देता बायकांच्या दंडात पाळणा लांबवायची कांडी मी बसवते. पण लोकांना दिसतं ते एवढंच, की महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दावादावाच्या झाडाला वजनकाटा टांगलाय आणि त्याला त्यांची पोरं भोकाड पसरून लोंबकळतायत. झालं, मी वजनवाली.

घरचेही काही वेगळे नाहीत. आई फोनवर दर वेळी विचारते, "लारिबा, पांढरे कपडे कधी मिळणार गं?" आमचा गणवेश तपकिरी. मोठ्या दवाखान्यातल्या नर्सांचा पांढरा. माझ्या चुलतबहिणीला पांढरा मिळाला तेव्हा आईनं तिचा फोटो भिंतीवर लावला. माझा तपकिरीतला फोटो ट्रंकेत आहे, कपड्यांच्या खाली.

म्हणून मी अर्ज करायचं ठरवलं. तीन वर्षं नोकरी पुरी झाली की पुढच्या शिक्षणाला रजा मिळते, पगारी. दोन वर्षं कॉलेज आणि मग पांढरा गणवेश, वॉर्ड, डॉक्टरांबरोबर फेरी. अर्जावर वरच्या मॅडमची शिफारस लागते आणि अर्ज सोळा पानी. त्यात एक प्रश्न होता, 'आपल्या सध्याच्या कामाचं समाजाला असलेलं महत्त्व थोडक्यात लिहा.' त्या एका प्रश्नावर मी मे, जून आणि जुलै घालवले. लिहायची, खोडायची, परत लिहायची. आणि हे लिखाण मी करत होते कधी? तर दुसऱ्या मंगळवारी, झाडाखाली बाकावर बसून, तिकडे वजनं चालू असताना.

वजनं करायचे बायोरबाबा. बायोरबाबा म्हणजे गावानं दिलेले आमचे स्वयंसेवक. साठीचा माणूस, दात चार, पण आवाज असा की पलीकडच्या वस्तीतली बाई इथून उठून बसेल. मी बोल्गाटांगाकडची, फ्राफ्रा. हे दागाबा. आमच्या दोन जमातींचं थट्टेचं नातं. त्यांनी मला गुलाम म्हणायचं, मी त्यांना, आणि कुत्र्याचं मुंडकं कुणी चोरून खाल्लं यावरून जन्मभर भांडायचं. राग धरला तर तोच मूर्ख.

"काय लिहितेयस गं गुलामे?" बाबा काट्यापाशी उभे राहून ओरडायचे. "तुझ्या मालकांची यादी? माझं नाव पहिलं घाल."

"तुमचं नाव घालायचं तर आधी कुत्र्यांना विचारावं लागेल, बाबा."

बायका खिदळायच्या, पोरं रडायची, बाबा आकडा ओरडायचे, मी मान वर न करता कार्डावर टिंब द्यायची आणि मागच्या टिंबाला रेघ जोडायची. कार्ड परत, पुढची बाई. मान वर न करता, हे मी मुद्दाम सांगतेय.

आता चड्डीचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. मुलाला काट्याला टांगायचं तर चड्डी लागते, दोन पाय घालायला दोन भोकं आणि वर अडकवायला पट्टा. आमच्या दवाखान्याची एक होती, पातळ कापडाची, सगळ्या गावाची पोरं तिच्यात मुतलेली. एप्रिलमध्ये ती बुडाशी फाटली आणि एक पोर बाबांच्या हातात येऊन पडलं. वरून नवी येईना. मग मी जाहीर केलं, आपापली चड्डी घरून शिवून आणा. सगळीकडे हीच रीत आहे, मी काही नवं केलं नाही. बायकांना तर मजाच वाटली. कुणी लग्नातल्या कापडाची शिवली, कुणी फुलं भरली.

पोगझीची सगळ्यांत भारी होती. पोगझी म्हणजे शेवटच्या वस्तीवरची, ओढ्यापलीकडची. वीस-एकवीस वर्षांची असेल. पहिलं मूल सहाव्या दिवशी गेलेलं, हा दुसरा, बोनिफेस, नोव्हेंबरचा जन्म. ती दीड तास चालत यायची आणि सगळ्यांच्या आधी यायची. मे महिन्यात तिनं पदराआडून चड्डी काढली तेव्हा बायकांनी हातातली कामं सोडून बघितलं. नवऱ्याच्या जुन्या जीन्सची, दोन पदरी, आत तांदळाच्या गोणीचं अस्तर, वर ट्रकवाल्यांचा रुंद पट्टा आणि त्याला लोखंडी कडी.

"हिच्यात बैल बसव," बाबा म्हणाले.

"फाटायची नाही ना," पोगझी म्हणाली. "मागच्या महिन्यात ते पोर पडलं तेव्हा माझा जीवच गेला होता."

मी मान वर केली ती त्या दिवशी. चड्डी बघायला. "शाब्बास पोगझी," मी म्हणाले, "बघा गं, आई असावी तर अशी." आणि बोनिफेसचं वजनही छान भरलं. एप्रिलला सहा किलो चारशे होतं, मे महिन्यात सात शंभर. रेघ सरळ वर गेली. मी कार्ड उंच धरून सगळ्यांना दाखवलं. पोगझी लाजली आणि चड्डी घडी घालून परत पदराआड ठेवली.

जूनला सात दोनशे. जुलैला सात दोनशे. ऑगस्टला सात शंभर, आणि टिंब खालच्या जाड रेघेला, धोक्याच्या हद्दीला, टेकलं. तीन महिने रेघ आडवी असणं हेसुद्धा वाईटच, ते पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळतं. पण जून ते ऑगस्ट आमच्याकडे कणग्या रिकाम्या असतात, निम्म्या गावाच्या पोरांची रेघ आडवीच असते. "पेजेत शेंगदाण्याचं कूट घाल," मी म्हणाले. "शेंगदाणे कुठले आत्ता, मॅडम? अजून जमिनीत आहेत," ती म्हणाली. "बरं, मग मासळीची पूड घाल. पुढच्या महिन्यात बघू." पोर वाळलंय का ते सांगणारी, दंडाचं माप घ्यायची तीनरंगी पट्टी माझ्या खिशात होती. ती काढून पोराच्या दंडाला लावायला वीस सेकंद लागतात. मला त्या दिवशी अकरावं पान संपवायचं होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बोनिफेसला ताप आला. नवऱ्यानं उसनी मोटरसायकल आणून त्याला थेट जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, माझ्या दारावरून. खऱ्या नर्सांकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. कागदावर हिवताप लिहिलं होतं.

मी भेटायला गेले. लहान मुलाचं आमच्या इकडे फार काही करत नाहीत, ना ढोल ना पाहुणे. पोगझी भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ बसले, जे बोलायचं असतं ते बोलले. निघताना ती आत गेली आणि चड्डी घेऊन आली, धुतलेली, घडी घातलेली.

"ही ठेव तुझ्याकडे, मॅडम. एखादी विसरून येते, एखादीकडे कापड नसतं. चांगली मजबूत आहे, वाया कशाला जावी."

मला भरून आलं. मी ती पिशवीत घातली आणि वाटभर या बाईच्या मोठ्या मनाचं कौतुक करत आले. खरंच सांगते, कौतुकच करत होते. त्यावर अर्जात दोन ओळी लिहायच्या असंही डोक्यात आलं.

सप्टेंबरचा दुसरा मंगळवार. नेहमीसारखी गर्दी, नेहमीसारखी रडारड. माझा अर्ज पुरा झाला होता, म्हणून त्या दिवशी मी रिकाम्या हातानं बसले होते. एक नवी आलेली सून चड्डी विसरली. मी पिशवीतून पोगझीची काढून बाबांना दिली. बाबांनी ती काट्याच्या हुकाला अडकवली आणि सुनेच्या काखेतून पोर घ्यायला वळले.

मी काट्याकडे बघत होते. बघायला दुसरं काही नव्हतंच. पोर अजून बाबांच्या हातात होतं. चड्डी रिकामी लोंबत होती. आणि काटा सातशे ग्रॅमवर होता.

आधी मला काही कळलंच नाही. मग शाळेतल्या आमच्या बाईंचा आवाज आला, छडी टेबलावर आपटत आमच्याकडून घोकून घेतलेलं: आधी चड्डी, मग शून्य, मग मूल. आधी चड्डी, मग शून्य, मग मूल. चड्डी बदलली की वरचा स्क्रू फिरवून काटा परत शून्यावर आणायचा, मग मूल बसवायचं. प्रत्येक मुलाला. चाळीस मुलं असतील तर चाळीस वेळा. मी आले तेव्हा दवाखान्याची एकच चड्डी होती, म्हणून मी बाबांना शिकवलं होतं, सकाळी एकदा शून्य करायचं. एप्रिलनंतर घरोघरच्या चड्ड्या आल्या आणि हे बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

"काय झालं?"

"पोर काढा. सगळ्यांच्या चड्ड्या आणा इकडे. रिकाम्या."

एकेक टांगून बघितली. कापडी होत्या त्या शंभरच्या आत. कुठलीच दीडशेवर गेली नाही. एकट्या पोगझीची सातशे. मी मुलांना एका बाजूला बसवून कागदावर वजाबाकी केली. मे महिन्यात सहा चारशे, म्हणजे एप्रिलएवढंच. जूनला सहा पाचशे. तिथेच तो रेघेखाली गेला होता. ऑगस्टला परत सहा चारशे. तो पोरगा चार महिने एक ग्रॅमही वाढला नव्हता, आणि मी कार्ड उंच धरून गावाला दाखवलं होतं.

सगळ्या गेल्यावर बाबांना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील काहीतरी, गुलामे, तुला साधी वजाबाकी येत नाही. बाबा टोपी हातात फिरवत बसले.

"तू मला सकाळी एकदा शून्य करायला सांगितलं होतंस," शेवटी ते म्हणाले.

"हो बाबा. मीच सांगितलं होतं."

"मी ओरडलो ना सगळे आकडे? बरोबर ओरडलो ना?"

"बरोबर ओरडलात."

ते उठले आणि मला तशीच सोडून घरी गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी गुलाम म्हटलं नाही, आणि मला ते सहन होईना.

गुरुवारी मॅडम हाजरा आल्या. मॅडम हाजरा म्हणजे आमच्या भागाच्या मुख्य नर्स, पन्नाशीच्या, पांढरा गणवेश कडक इस्त्रीचा, धुळीच्या रस्त्यानं येऊनही त्यावर एक डाग नाही. महिन्याचा अहवाल तपासायचा आणि माझ्या अर्जावर सही करायची, अशा दोन कामांना आल्या होत्या. मी पाणी दिलं आणि बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. चड्डी, शून्य, सातशे.

त्यांनी बोनिफेसचं कार्ड मागून घेतलं. मी त्याची नक्कल ठेवलेली होती. चष्मा लावून बघितलं.

"रेघ तर वरच आहे."

"मॅडम, तेच तर सांगतेय, ती रेघ खोटी आहे."

"दवाखान्यानं मृत्यूचं कारण काय लिहिलंय?"

"हिवताप."

"मग?" त्यांनी चष्मा काढला. "लारिबा, हिवतापानं या जिल्ह्यात धडधाकट पोरंही जातात. तू आता स्वतःच्या अंगावर ओढून घेणार, चौकशी मागणार, मी वर कळवणार, वरचे मला विचारणार, मग तुझा अर्ज एका खणात जाऊन पडणार. कशासाठी?"

"मी नर्स आहे म्हणून," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"हो गं बाई, आहेस. कोण नाही म्हणतंय?" त्या मायेनंच बोलत होत्या, तेच वाईट होतं. "तू औषध चुकीचं दिलं असतंस, सुई चुकीची टोचली असतीस, तर मी आत्ता इथे बसून पाणी पीत नसते. पण वजन? वजन कोण बघतंय? आकडे वर पाठवतो ते आम्ही तरी कुठे वाचतो? इथून पुढे शून्य करत जा, झालं. आण तो अर्ज."

त्यांनी सोळाव्या पानावर सही केली. मधली पानं उलटताना त्या प्रश्नापाशी थांबल्या, मी तीन महिने खपून लिहिलेलं त्यांनी वाचलं. "छान लिहिलंयस," म्हणाल्या. "वजन करणं हा बालकाच्या आरोग्याचा पाया आहे. वा." आणि शिक्का मारला.

सही झाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. बाबांना वाटलं त्यांनी आकडे बरोबर ओरडले की संपलं. हाजरामॅडमना वाटलं वजन कोण बघतंय. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच होते जिला माहीत होतं, की जूनच्या त्या मंगळवारी झाडाखाली मी माझं काम केलं असतं तर पोर वाचलं असतं. आणि हे सांगूनही कुणी मला बोल लावायला तयार नाही, कारण त्यासाठी आधी माझं काम हे काम आहे असं मानावं लागतं.

तीन रात्री डोळा लागला नाही. रविवारी चर्चवरून परत आले आणि तशीच ओढ्यापलीकडे गेले.

पोगझी घरापुढे शेंगा तोडत बसली होती. उपटलेल्या वेलांचा ढीग एकीकडे, शेंगांची टोपली एकीकडे. शेंगदाणे निघाले होते. मी तिच्यासमोर बसले आणि हात चालावेत म्हणून मीही एक वेल उचलला.

"मॅडम, असू दे, हात काळे होतील."

"होऊ देत. पोगझी, मला तुला काहीतरी सांगायचंय. बोनिफेसबद्दल."

"सांग."

मी सांगितलं. चड्डी जड होती, काटा ती धरून वजन दाखवायचा, मी आधी शून्यावर आणायला हवा होता, आणला नाही. त्याचं वजन भरत नव्हतं आणि मी तुला शाब्बास म्हणाले. चूक माझी आहे.

तिनं ऐकून घेतलं. शेंगा तोडत होती. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मातीचा.

"तू एवढ्या लांब हे सांगायला आलीस? मनाला लावून घेऊ नको गं. देवानं दिला होता, देवानं नेला. फादर पण तेच म्हणाले, त्याची घडीच तेवढी होती. तुझं काय त्यात? तू आपली वजनं करतेस. वजन करून का कुणाचं बरंवाईट होतं?"

तिथे मी उठायला हवं होतं. तिच्या हातावर हात ठेवून, शेंगांची एक ओंजळ घेऊन, घरी जायला हवं होतं. तिला झोप लागत होती. देवानं नेला म्हणून ती जगत होती. मला हे दिसत होतं. पण 'तू आपली वजनं करतेस' हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. हीसुद्धा! जिचं पोर गेलं तीसुद्धा मला मोजायला तयार नाही!

"नुसती वजनं नसतात ती!" मी म्हणाले. केवढ्यानं म्हणाले. "तुला कळत नाहीय पोगझी. वजन करतो ते काय गंमत म्हणून? वजनावरून मला आधी कळतं, तुला कळायच्या आधी. जूनमध्येच कळलं असतं, की पोर वाळत चाललंय. मी तेव्हाच चिठ्ठी दिली असती. शेंगदाण्याचं औषध असतं, पाकिटातलं, गोड, पोरं चाटून खातात. दोन महिने दिलं की अंग धरतात. तीन वर्षांत मी अशी अकरा पोरं पाठवलीत. अकरातली दहा आज या गावात हुंदडतायत. मी पाठवली म्हणून! अंगावर मांस असतं तर तुझ्या पोरानं तो ताप काढला असता. वाळलेल्या पोराला तो झेपत नाही."

बोलताना मला बरं वाटत होतं. हे मी लपवणार नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी माझं काम काय आहे ते कुणाला तरी नीट सांगत होते.

पोगझीचे हात थांबले होते.

"म्हणजे तो जगला असता?"

"बहुतेक," मी म्हणाले, आणि मग तिचं तोंड बघितलं.

"बहुतेक म्हणजे?"

"पोगझी..."

"जगला असता की नाही ते सांग. तू नर्स आहेस ना?"

"जगला असता."

ती रडली नाही. तिच्या मांडीवरून एक वेल खाली घसरला तो तिनं परत वर घेतला, आणि त्याला काहीच केलं नाही.

"मी एकही महिना चुकवला नाही," ती म्हणाली.

"नाही चुकवलास. तू सगळ्यांच्या आधी यायचीस. चूक तुझी नाही, मी सांगतेय ना, माझी..."

"पडू नये म्हणून दोन पदरी घेतली मी. गोणीचं अस्तर मी लावलं. नवरा म्हणत होता, कशाला एवढी जाड. मी म्हटलं, तुला काय कळतं."

"पोगझी, चड्डीचं काही नाही. कितीही जड असली तरी चालते. काटा मी शून्यावर आणायला हवा होता. वर एक स्क्रू असतो, तो फिरवला की..."

"किती जड होती?"

"ते महत्त्वाचं नाही गं."

"किती?"

"सातशे ग्रॅम."

तिनं टोपलीकडे बघितलं. मग ओंजळीनं शेंगा उचलल्या, हातात झेलून बघितल्या, थोड्या परत टाकल्या, परत झेलून बघितल्या. आमच्या बायका बाजारात असंच हातानं तोलतात. सातशे ग्रॅम म्हणजे हातात केवढं येतं ते ती बघत होती.

मी बोलत होते. स्क्रूचं सांगत होते, शून्याचं सांगत होते, शाळेत आम्हाला काय शिकवलं ते सांगत होते. तिला शून्य म्हणजे काय ते समजत नव्हतं. समजायचं कारणही नव्हतं. तिला एवढंच समजलं, की चड्डी जड होती, आणि ती तिनं शिवली होती.

"कुठे आहे ती?" तिनं विचारलं.

"माझ्याकडे. दवाखान्यात."

"दुसऱ्या कुणाच्या पोराला घालू नकोस."

"नाही घालत. पण पोगझी, ऐक ना, तुझी काहीच..."

ती उठली. मांडीवरची माती झाडली नाही, टोपली तशीच ठेवली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. मी बराच वेळ बसून होते. नवरा शेतावरून आला, मला बघून हसला, म्हणाला, "मॅडम, पाणी दिलं की नाही हिनं?" आणि आत हाक मारली.